'नोरीमॅप' कुठून आलं?

जळगाव-धुळ्याकडची कॉलेजातली मुलं व्हिम हा टेक्स्ट एडिटर शिकायला लागली की सहसा कुणाची तरी तयार कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल, उचलतात. तिच्यात जागोजागी 'नोरीमॅप' दिसतं. साधं 'मॅप' का नाही, हे देणाराही सांगत नाही.

'मॅप' म्हणजे कळेला दुसरं काम नेमून देणारी कमांड. ती व्हिमच्याही आधीची, १९७० च्या दशकातल्या व्हीआय या एडिटरमधली. तेव्हाच्या टर्मिनलवर फंक्शन की दाबली की एक अक्षर नव्हे, अक्षरांची माळ यायची. तिला काम नेमून द्यायला मॅप उपयोगी पडे. पण मॅपने जे निघालं तेही पुन्हा मॅपांच्या यादीत शोधलं जाई, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. समजा कमांड द्यायला लागणाऱ्या कोलनसाठी शिफ्टचा त्रास नको म्हणून कुणी कोलन आणि सेमीकोलनची अदलाबदल केली. साध्या मॅपने केली, तर एक दुसऱ्याला बोलावतं, दुसरं पहिल्याला. व्हिम हा खेळ डीफॉल्टनुसार १००० वेळा खेळतं आणि मग एरर देऊन सुटका करून घेतं. नोरीमॅपमध्ये उजवीकडचा भाग जसाच्या तसा चालतो, पुन्हा शोधाशोध नाही.

मग डीफॉल्टच का बदललं नाही? १९९१ साली अमिगा संगणकावर व्हिम आलं ते व्हीआयची जागा घ्यायला. जुन्या कॉन्फिग मोडणं परवडणारं नव्हतं. शिवाय प्लगइनवाले, म्हणजे व्हिमला जोडप्रोग्रॅम लिहिणारे, 'प्लग' नावाने आपली कामं उघडी ठेवतात, ती स्वतःच्या कळेला जोडायची तर पुन्हा शोधणारं मॅपच लागतं. मुद्दा खरा आहे. पण ही गरज कधीमधीची, आणि खड्डा मात्र प्रत्येक नवशिक्याच्या वाटेत. २०१४ साली व्हिममधून फुटून निघालेल्या निओव्हिमने जुन्या कमांड तशाच ठेवल्या; २०२२ च्या ०.७ आवृत्तीत लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी मॅपिंगचं नवं फंक्शन दिलं, त्यात मात्र पुन्हा शोधणं हवं असेल तर तसं मागावं लागतं. उशिरा का होईना, बरोबर बाजू निवडली.

वापरणाऱ्याने स्वतः बनवलेल्या कमांडींच्या बाबतीत व्हिमने आधीच शहाणपण दाखवलं होतं. नाव कॅपिटल अक्षरानेच सुरू करायचं, म्हणजे अंगच्या कमांडींशी टक्कर नाही.

आपल्याकडे अहिराणी शब्दांच्या याद्या करणाऱ्यांची अडचण वेगळीच. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू राहिला की कर्सर हलवायच्या एच, जे, के, एल या कळांतून प, र, क, त निघतात आणि कर्सर जागचा हलत नाही. व्हिममधलं 'लँगमॅप' हे सेटिंग ही अक्षरं परत जोडून देतं, पण एकास एक. शिफ्ट-८ वर कर्सरखालचा शब्द शोधायचा, तिथे इनस्क्रिप्ट 'श्र' देतं, म्हणजे तीन युनिकोड चिन्हं. ती एका जोडीत बसत नाहीत. त्यापेक्षा २००१ च्या ६.० आवृत्तीतलं 'कीमॅप' बरं: सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा, देवनागरी इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर लिहिताना, उमटते, आणि कंट्रोल-६ ने चालू-बंद करता येते.