गडकरी की घाणेकर? ठाण्यातला शनिवार-रविवार ठरवण्याआधी

शनिवारी रात्री सव्वाआठला मावशीचा फोन आला. "अगं, पोचलो आम्ही. तलावासमोर उभे आहोत. पण इथे बोर्डावर भलत्याच नाटकाचं नाव लावलंय." मावशी आणि काका नाशिकहून दोन दिवसांसाठी ठाण्यात आले होते. तिकिटं मावसभावाने मोबाइलवर काढून पाठवली होती आणि ती होती घाणेकर नाट्यगृहाची. दोघं उभी होती गडकरी रंगायतनच्या दारात. प्रयोग साडेआठचा. तलावपाळीवर शनिवारी रात्री रिकामी रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली, पुढे कॅडबरी जंक्शन, मग माजिवड्याची गर्दी. ते आत शिरले तेव्हा पहिला अंक निम्मा सरला होता. काका अंधारात खुर्च्यांच्या पाठी चाचपत जागेवर पोचले. मावशी अजूनही मला विचारते, "त्या नाटकाची सुरुवात काय होती गं?"

त्या रात्रीपासून ठाण्याला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी हाच फरक सांगते, कारण तो फक्त दोन नाट्यगृहांचा नाही. ही दोन नावं म्हणजे ठाण्याच्या दोन वेगळ्या संध्याकाळी आहेत. खाणं, फिरणं, रात्री उशिरापर्यंत बसणं, सगळं त्यानुसार बदलतं.

घोळ होतो तो असा. नाटकाच्या जाहिरातीच्या चौकटीत जागा कमी, म्हणून 'शनि. रात्रौ ८.३० गडकरी', 'रवि. दु. ४.३० घाणेकर' एवढंच छापतात. बाहेरगावच्या माणसाला दोन्ही आडनावं सारखीच वाटतात. दोन्ही ठाणे पश्चिमेला, दोन्ही महापालिकेची, आणि बऱ्याचदा एकच नाटक एका आठवड्यात इकडे नि पुढच्या आठवड्यात तिकडे. तिकीट काढताना आपण नाटकाचं नाव बघतो, वेळ बघतो, रांग बघतो. ठिकाणाच्या ओळीवरून नजर नुसती फिरते.

नावं लक्षात ठेवायची तर माणसं लक्षात ठेवावीत. राम गणेश गडकरी हे लिहिणारे. 'एकच प्याला'चे नाटककार, कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. १८८५ साली जन्मले आणि १९१९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेले. डॉ. काशिनाथ घाणेकर हे रंगमंचावर उभे राहणारे. पेशाने दंतवैद्य, म्हणून नावामागे डॉक्टर. संभाजीच्या भूमिकेने महाराष्ट्रभर गाजले, त्यांच्या एंट्रीला थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं, १९८६ साली त्यांचं निधन झालं. लेखकाचं थिएटर जुन्या गावात, नटाचं नव्या वस्तीत. माझ्या मुलीने हे असंच पाठ केलंय आणि ती कधी चुकत नाही.

गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठावर आहे. ठाणेकर त्या सगळ्या भागाला तलावपाळीच म्हणतात. स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. हे थिएटर १९७८ सालचं, म्हणजे ठाण्यात महापालिका येण्याच्याही आधीचं. महापालिका १९८२ ची, त्याआधी नगरपालिका होती. एखादं गाव शहर होण्याआधी स्वतःसाठी नाट्यगृह बांधतं, याचा मला फार अभिमान वाटतो. आतून ते कसं आहे, खुर्च्या कशा आहेत, यापेक्षा बाहेर पडल्यावर काय दिसतं ते महत्त्वाचं. पायऱ्या उतरलात की समोर पाणी. दिव्यांची लांब प्रतिबिंबं, काठावर बसलेली माणसं, फुगेवाला, आणि आत्ताच पाहिलेल्या नाटकावर मोठमोठ्याने वाद घालणारे चार-पाच जण. हा वाद ऐकण्यासारखा असतो. ठाणेकर प्रेक्षक नाटक बघून गुपचूप घरी जात नाही.

गडकरीची तिकिटं असतील तर दुपारीच या आणि चालत फिरा, गाडी आणू नका. सुरुवात स्टेशनवरच होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती, ३४ किलोमीटरचा प्रवास करून. तिथून बाजारपेठेतून जांभळी नाक्याकडे या. भाजीवाल्यांची गर्दी, फुलांच्या टोपल्या, आणि त्या गर्दीतच कोपिनेश्वराचं मंदिर. ठाण्याचं हे ग्रामदैवत. आतली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा येणारा माणूस गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर क्षणभर थबकतोच. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथूनच निघते. पाडव्याचा शनिवार-रविवार साधता आला तर दुसरं काही ठरवायची गरज नाही, नऊवारी आणि फेटे घातलेलं सगळं गाव रस्त्यावर असतं. दिवाळीच्या पहाटे असाच पूर राम मारुती रोडवर आणि तलावपाळीवर तरुण मुलामुलींचा येतो.

मंदिरातून बाहेर पडून तलावाला वळसा घाला. काठावरच सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळाची आठवण. पलीकडे खारकर आळीच्या बाजूला जुना किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आजही तो तुरुंगच आहे, त्यामुळे बघायचा तो बाहेरूनच. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली ज्या कैदेतून निसटले ती हीच. ही भिंत दाखवून गोष्ट सांगितली की मुलं चालायला कंटाळत नाहीत, हा माझा अनुभव आहे. वाचनाची ओढ असलेल्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाची पाटी तरी बघावीच. १८९३ सालची संस्था आहे.

खाण्याचं सांगायचं तर गडकरीची बाजू म्हणजे उभ्याने खाणं. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ सकाळीच खावी, दुपारच्या नाटकाआधी नाही. पहिल्यांदा जात असाल तर मध्यमच मागा. काकांनी हौसेने तिखट घेतली आणि अर्धा तास पाणी पीत होते. स्टेशनजवळ कुंजविहारचा भला मोठा वडापाव आहे, नौपाड्यात गजाननचा वडापाव, ज्याच्याबरोबर पिवळी, बेसनाची पातळ चटणी मिळते. या चटणीसाठी मी पाहुण्यांना आडवाट करून नेते. आणि मध्यंतरातला बटाटवडा. पडदा पडताच पुढच्या रांगेतली माणसं ज्या घाईने उठतात ती त्यासाठीच. दोघं असाल तर एकाने बाहेरच्या बाजूची खुर्ची घ्यावी.

आता 'नाइटलाइफ'. गडकरीच्या बाजूला ती आहे, पण पबमधली नाही. साडेआठचा प्रयोग अकराच्या सुमाराला सुटतो आणि तलावपाळी तेव्हाही जागी असते. आइस्क्रीम, चहा, भेळ, काठावरचा कट्टा. कॉलेजची मुलं गिटार घेऊन बसलेली असतात, आजोबा मंडळी हात मागे बांधून शेवटची फेरी मारत असतात. एकटी बाई रात्री अकरा वाजता इथे निवांत बसू शकते, मी स्वतः कित्येकदा बसले आहे. माझ्या हिशेबी ही शहराने दिलेली फार मोठी गोष्ट आहे. पण मुलीला किंवा मित्रांना मोठा आवाज, नाच, कॉकटेल हवं असेल तर तलावपाळीवर ते शोधत बसू नका. त्यासाठी दुसरी बाजू.

डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजमध्ये आहे, पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला. स्टेशनपासून पाचेक किलोमीटर. चालत जाण्याचा प्रश्नच नाही. इथे आणखी तीन गोंधळ दबा धरून बसलेले आहेत.

पहिला म्हणजे 'हिरानंदानी'. रिक्षात बसून नुसतं 'हिरानंदानी' म्हणालात तर रिक्षावाला तुम्हाला सरळ घोडबंदर रोडने पातलीपाड्याला, हिरानंदानी इस्टेटला घेऊन जाईल. ती वेगळी वसाहत, मेडोजपासून बरीच पुढे. 'मेडोज, घाणेकर नाट्यगृह' असं पूर्ण सांगा. दुसरा पोखरणचा. एक नंबर आणि दोन नंबर असे दोन रस्ते आहेत. एक नंबर कॅडबरी जंक्शनवरून वर्तकनगरकडे जातो, तुमचा तो नाही. तिसरा गोंधळ इमारतीतच आहे. घाणेकरला मोठ्या प्रेक्षागृहाशिवाय एक मिनी थिएटर आहे. एकांकिका, प्रायोगिक नाटकं, छोट्या मैफली तिथे होतात. एकाच संध्याकाळी दोन्हीकडे कार्यक्रम असतात, तेव्हा तिकिटावर 'मिनी' लिहिलंय का ते बघा. मला स्वतःला हे मिनी थिएटर फार आवडतं. नटाचा श्वास ऐकू येईल इतकं अंतर असतं.

घाणेकरच्या बाजूचा दिवस वेगळ्या तऱ्हेने लावावा लागतो. इथे बाजारपेठ नाही, देवळाभोवतीची जुनी गल्ली नाही. पण जवळच उपवन तलाव आहे. मासुंदा गावाच्या पोटात आहे, उपवन डोंगराच्या पायथ्याशी. मागे येऊरचे डोंगर, त्यामुळे सूर्य तिथे लवकर मावळतो आणि उजेड मात्र बराच वेळ रेंगाळतो. पाच-साडेपाचला उपवनला फेरी मारा, सातला जेवा, साडेआठला घाणेकर. रविवारी साडेचारचा प्रयोग असेल तर उलट करा, नाटक आधी आणि रात्री जेवण निवांत. टेबलखुर्चीवर बसून खाण्याची, बिअर घेऊन गप्पा मारण्याची ठिकाणं या बाजूला भरपूर आहेत. विवियाना मॉलमध्ये (आता नाव लेक शोअर), हायवेला लागून, आणि पुढे हिरानंदानी इस्टेटच्या 'द वॉक'वर. पब म्हणाल तर तेही इकडेच. आपल्या राज्यात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी दारूसाठी २५ लागतं, हे तरुण भाच्या-पुतण्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे दारात हिरमोड होत नाही. गच्चीवरच्या, उघड्या जागांमध्ये ठरावीक दिवस सोडले तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून गाणी हवी असतील तर बंदिस्त जागा निवडा. पिऊन गाडी हातात घेऊ नका, रिक्षा रात्रीही मिळते.

एक गोष्ट मी मनापासून सांगते. 'ठाण्यात रात्रीची मजा' म्हटलं की कोणी ना कोणी येऊरचं नाव काढतंच. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं जंगल आहे. तिथे आदिवासी पाडे आहेत, बिबटे आहेत. रात्री तिथे गाणी लावून धिंगाणा घालण्यासाठी जाऊ नका. पहाटे जा, चालत जा, पक्षी ऐका, पाड्यावरच्या बाया काकड्या-करवंदं विकायला बसल्या असतील तर त्यांच्याकडून घ्या. दिवे आणि आवाज सहन करायला शहर आहेच की.

मुक्काम कुठे करायचा, हेही नाटकच ठरवतं. तिकिटं गडकरीची तर स्टेशन-नौपाड्याच्या बाजूला उतरा, घाणेकरची तर माजिवडा-मानपाड्याच्या. दोन्ही टोकांना एकाच रात्री शिवायचं ठरवलंत तर संध्याकाळ सिग्नलवर जाईल. घोडबंदर रोडची कोंडी शनिवारी कमी होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पूर्ण दोन दिवस हाताशी असतील तर मी सांगेन की शनिवार घाणेकरच्या बाजूला, रविवार गडकरीच्या. कारण साधं आहे. रविवारी रात्री परत जायचं असतं आणि गडकरीवरून स्टेशन पायाखाली आहे. मात्र रविवारी दिवसा मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतोच असं धरून चाला आणि दुपारच्या प्रयोगाला मुंबईहून येत असाल तर तासभर आधी निघा. नवी मुंबईची मंडळी वाशी-ठाणे लोकलने येतात, त्यांनीही ब्लॉकची वेळ बघून घ्यावी.

एकच शनिवार मिळत असेल आणि ठाण्यात पहिल्यांदाच येत असाल, तर मी गडकरीच सांगेन. तिकडच्यापेक्षा इकडे निवड कमी आहे, बसायला मऊ सोफे नाहीत, पार्किंग तर विसराच. पण नाटक, देऊळ, किल्ला, वडापाव आणि पाणी हे सगळं एका फेरीत हाताशी येतं, आणि रात्री अकराला ज्या गर्दीत तुम्ही चालता ती गर्दी इथलीच असते.

यंदा दिवाळीनंतर मावशी पुन्हा येणार आहे. या वेळी तिकिटं मी काढली आहेत, गडकरीची, बाल्कनी नाही, खालची सहावी रांग. तिकिटाच्या फोटोवर लाल पेनने ठिकाणाला गोल करून पाठवला, तर लगेच तिचा फोन: "म्हणजे तलाववालं ना?"

"हो मावशी, तलाववालं. आणि या वेळी आठलाच आत जाऊन बस."