'तटस्थ' म्हणजे कोण? क्रीडासंघटना आणि शांततेच्या वादाची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटनांनी आपले वजन शांततेसाठी वापरावे का, हा प्रश्न जुनाच. तो पुन्हा पेटला २०२२ मध्ये. बीजिंगचे हिवाळी ऑलिंपिक २० फेब्रुवारीला संपले आणि चार दिवसांनी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले. ऑलिंपिक युद्धबंदीची, म्हणजे खेळांच्या काळात लढाया थांबवाव्यात या आवाहनाची, मुदत तेव्हा सुरूच होती. उद्घाटनाच्या सात दिवस आधी ती सुरू होते आणि दिव्यांगांचे पॅरालिंपिक संपल्यावर सात दिवसांनी संपते.

२८ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना स्पर्धांत घेऊ नये अशी शिफारस केली. त्याच दिवशी रशियाला फुटबॉलमधून निलंबित करण्यात आले. पॅरालिंपिक समिती मात्र अडखळली. २ मार्चला तिने या खेळाडूंना 'तटस्थ' म्हणून खेळू द्यायचे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी, पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला एक दिवस उरलेला असताना, निर्णय फिरवला. काही देशांचे संघ खेळायलाच तयार नव्हते आणि क्रीडाग्रामातले वातावरण बिघडत चालले होते, हे कारण समितीने स्वतःच दिले. म्हणजे दबाव संघटनेने आणला नाही, तो संघटनेवर आला.

'तटस्थ' या शब्दाने तेव्हापासून जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कशानेही घातला नसेल. आपल्या भाषेत तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. पण ॲथलेटिक्समध्ये २०१७ मध्ये रशियाच्या काही खेळाडूंना हे बिरूद मिळाले ते डोपिंगमुळे: देशाची संघटना निलंबित, खेळाडू मात्र स्वच्छ, असा त्याचा अर्थ. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाचा ध्वज नव्हता, तोही डोपिंगमुळेच. युद्धाचा त्याच्याशी संबंध नव्हता. २०२३ पासून अर्थ बदलला. युद्धाला सक्रिय पाठिंबा न देणारा, सैन्याशी किंवा सुरक्षा यंत्रणांशी करार नसलेला, एकट्याने खेळणारा तो तटस्थ. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये असे रशियाचे १५ आणि बेलारूसचे १७ खेळाडू उतरले. संघटना स्वतःलाही राजकीयदृष्ट्या तटस्थ म्हणवते, तो अर्थ आणखी वेगळा. एकच शब्द कधी शिक्षा, कधी सवलत आणि कधी संघटनेची ढाल होतो.

मैदानावर याचा भार कोणावर पडतो, ते जुलै २०२३ मध्ये मिलानच्या जागतिक तलवारबाजी स्पर्धेत दिसले. युक्रेनच्या खेळाडूने तटस्थ म्हणून उतरलेल्या रशियन प्रतिस्पर्धी महिलेला १५-७ असे हरवले. नंतर हात न मिळवता तिने आपली तलवार पुढे केली, पात्याला पाते लावून निरोप घेण्यासाठी. समोरची ते मान्य करेना आणि बराच वेळ जागेवरून हललीच नाही. हस्तांदोलन नियमाने सक्तीचे होते, त्यामुळे जिंकलेलीच बाद झाली. दुसऱ्या दिवशी ऑलिंपिक समितीने तिला पॅरिसमध्ये जागा देण्याची हमी दिली. पॅरिसला तिने कांस्यपदक मिळवले. शांततेचा हावभाव नियमाने वसूल करायला गेले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

संघटनांनी आपले वजन वापरावे असे म्हणणारे लोक दाखला देतात दक्षिण आफ्रिकेचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे तिचे निमंत्रण मागे घेतले गेले, १९७० मध्ये तिला ऑलिंपिक चळवळीतूनच काढले आणि ती परतली १९९२ मध्ये. हा दाखला खरा आहे, पण एक गोष्ट सुटते: तिथे वंशभेद संघनिवडीतच होता. खेळाचा स्वतःचा नियम मोडला गेला होता. युद्ध मात्र कोणत्याच नियमात बसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रशियाची ऑलिंपिक समिती निलंबित झाली, त्यालाही आक्रमणाचे कारण दिले नव्हते. युक्रेनच्या चार प्रदेशांतल्या क्रीडासंस्था तिने आपल्याकडे ओढल्या, हे कारण होते. २००३ मध्ये इराकवर हल्ला करणाऱ्या देशांना कोणी थांबवले नाही. पॅरिसमध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाईन दोघेही खेळले. ज्यांना हा दुटप्पीपणा वाटतो, त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. युद्धाचे कलम सरळ लिहायला हवे, मग ते कोणालाही लागो.

युद्धबंदीचा आजचा अवतारही १९९२ मधल्याच पेचातून आला. सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियावर घातलेल्या निर्बंधांत खेळही होता. वाटाघाटींनंतर तिथले खेळाडू त्या वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये देशाच्या नावाविना, 'स्वतंत्र ऑलिंपिक सहभागी' म्हणून उतरले. ऑक्टोबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदीचा ठराव केला. प्राचीन ग्रीकांची युद्धबंदी म्हणून तिचा गौरव होतो, पण ती मुळात ऑलिंपियाला जाणाऱ्या-येणाऱ्यांना सुरक्षित वाट मिळावी यासाठी होती. युद्धे चालूच राहत. इ.स.पू. ३६४ मध्ये तर खुद्द ऑलिंपियात लढाई झाली.

आमसभेतला युद्धबंदीचा ठराव बहुतेक वेळा मतदानाविना होत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान घ्यावे लागले: बाजूने ११८, विरोधात कोणी नाही, रशिया आणि सीरिया अलिप्त. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलला भरलेल्या पॅरालिंपिक समितीच्या सभेने रशिया आणि बेलारूस या दोघांचे निलंबन उठवले. युद्ध तेव्हाही चालू होते.