साहस भांडवल : भारतीय स्टार्टअप आणि कायदा

अजून जम न बसलेल्या, पण झपाट्याने वाढू शकणाऱ्या खासगी कंपनीत तारण न घेता, मालकीतील हिश्श्याच्या बदल्यात घातलेला पैसा म्हणजे साहस भांडवल (व्हेंचर कॅपिटल). भारतात असा एकच सौदा कंपनी कायदा, परकीय चलन कायदा, आयकर, सेबीचे नियम आणि मुद्रांक शुल्क या सगळ्यांच्या कक्षेत येतो. प्रत्येकाच्या मुदती वेगळ्या आणि भागाच्या (शेअरच्या) किमतीकडे पाहण्याची नजरही वेगळी. त्यामुळे वाटाघाटीत पक्के झालेले सौदे पुढे अडतात ते बहुतेकदा तारखा आणि कागदांचा क्रम चुकल्याने.

देशी निधींसाठी सेबीने १९९६ मध्ये नियमावली केली. २०१२ पासून तिची जागा पर्यायी गुंतवणूक निधींच्या (एआयएफ) नियमावलीने घेतली. साहस भांडवल निधी तिच्या पहिल्या वर्गात मोडतात. योजनेची किमान रक्कम २० कोटी रुपये, प्रत्येक गुंतवणूकदाराचे किमान १ कोटी आणि गुंतवणूकदार जास्तीत जास्त १,००० ही त्यांची सर्वसाधारण चौकट आहे. एका कंपनीत निधीच्या २५ टक्क्यांहून अधिक रक्कम घालता येत नाही. परदेशी निधी मात्र सेबीकडे नोंदणी न करताही थेट परकीय गुंतवणुकीच्या मार्गाने येऊ शकतात.

गुंतवणूकदार बहुधा सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भाग (सीसीपीएस) घेतात. कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर आपले पैसे संस्थापकांच्या आधी मिळावेत आणि मतदानाचे हक्कही राहावेत, हा त्यामागचा हेतू. ‘सक्तीने’ या शब्दाला येथे कायदेशीर वजन आहे. परिवर्तन ऐच्छिक ठेवले तर परकीय चलन नियमांत तो भाग कर्ज ठरतो आणि बाह्य व्यापारी कर्जाच्या (परदेशातून घेतलेल्या कर्जाच्या) अटी लागू होतात. परिवर्तनाचे सूत्र भाग देतानाच ठरवावे लागते. परिवर्तनाच्या वेळची किंमत भाग देतानाच्या वाजवी मूल्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून गुंतवणुकीची पुढची फेरी स्वस्तात झाल्यास भरपाई देणारी कलमे या मर्यादेतच लिहावी लागतात. अग्रहक्क भागांना समभागांसारखे मत द्यायचे असेल तर खासगी कंपन्यांना जून २०१५ च्या अधिसूचनेने सवलत आहे. मात्र तशी तरतूद कंपनीच्या नियमावलीत (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) हवी. नेमके हेच कलम घालायचे राहून जाते.

भाग देण्याचा क्रम

टर्मशीट (सौद्याच्या मुख्य अटींचा कागद), कागदपत्रांची तपासणी आणि करार झाल्यावर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, संचालक मंडळाचा ठराव आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. त्यानंतरच पीएएस-४ हे प्रस्तावपत्र नाव घालून पाठवायचे. एका आर्थिक वर्षात असा प्रस्ताव २०० पेक्षा जास्त व्यक्तींना देता येत नाही. पैसा वेगळ्या बँक खात्यात, गुंतवणूकदाराच्या स्वतःच्याच खात्यातून आला पाहिजे. तो आल्यापासून ६० दिवसांत भागवाटप झाले नाही, तर पुढील १५ दिवसांत रक्कम परत द्यायची; त्यानंतर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज चालू होते. वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हे भागवाटपाचे विवरणपत्र भरायचे आणि ते भरेपर्यंत रकमेला हात लावायचा नाही. पगार थकलेल्या कंपन्या येथेच घसरतात. पैसे खात्यात दिसतात, ते खर्च होतात आणि विवरणपत्र नंतर जाते. दंडाची कमाल मर्यादा उभारलेली रक्कम किंवा २ कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल ते.

पैसा परदेशातून आला असेल तर वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा अनिवासींना दिलेल्या भागांची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. पाठवणाऱ्याची केवायसी त्याच्या बँकेकडून यायला उशीर होणे, किंवा पैसे एका कंपनीने पाठवून भाग दुसरीच्या नावे निघणे, ही फॉर्म परत येण्याची नेहमीची कारणे. विलंबशुल्क ७,५०० रुपये अधिक रकमेच्या वार्षिक ०.०२५ टक्के, म्हणजे १० कोटींवर वर्षभराच्या उशिरासाठी ३२,५०० रुपये. रक्कम किरकोळ वाटते, पण जुनी नोंद दुरुस्त झाल्याशिवाय पुढच्या फेरीतील गुंतवणूकदाराचे वकील सहसा पुढे सरकत नाहीत. भारताशी भू-सीमा असलेल्या देशांतील गुंतवणूकदारांसाठी एप्रिल २०२० च्या ‘प्रेस नोट ३’ ने सरकारी मंजुरीची पायरीही आणली. निधीमागचा अंतिम लाभधारक कोण, हा प्रश्न तेव्हापासून सौद्याच्या सुरुवातीलाच विचारला जातो.

किमतीचा वाद

परकीय चलन नियम सांगतात की अनिवासी व्यक्तीला भाग वाजवी मूल्यापेक्षा स्वस्त देऊ नका. २०१२ च्या वित्त कायद्याने आणलेले आयकराचे कलम ५६(२)(viiबी), म्हणजेच ‘एंजल टॅक्स’, सांगत होते की वाजवी मूल्याहून जास्त घेतलेली रक्कम कंपनीचे उत्पन्न धरली जाईल. सुरुवातीला ते निवासी गुंतवणूकदारांपुरते होते आणि नोंदणीकृत साहस भांडवल निधींना सूट होती, म्हणून मार बसला तो व्यक्तिगत गुंतवणूकदारांकडून पैसे घेणाऱ्या छोट्या कंपन्यांना. २०२३ मध्ये अनिवासीही कक्षेत आले आणि एकाच भागाच्या किमतीला एक कायदा तळ तर दुसरा छत घालू लागला. करासाठी मूल्यात १० टक्क्यांची सूट-मर्यादा देऊन ही कोंडी थोडी सैल केली गेली.

खरा त्रास मूल्यांकनाच्या पद्धतीचा होता. कंपन्या भावी रोख प्रवाहावर (डीसीएफ) मूल्य काढत. काही वर्षांनी निर्धारण अधिकारी प्रत्यक्ष ताळेबंदाशी त्या अंदाजांची तुलना करून मूल्य फेटाळत. नवा धंदा ठरल्याप्रमाणे चालत नाही हे साहस भांडवलाचे मूळ गृहीतच आहे. तेच येथे करचुकवेगिरीचा पुरावा ठरू लागले. व्होडाफोन एम-पेसा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले की अधिकारी मूल्यांकन तपासू शकतो, पण कंपनीने निवडलेली पद्धत बदलू शकत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने हे कलम करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून रद्द केले. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र त्यामुळे आपोआप मिटत नाहीत.

करार आणि बाहेर पडणे

भागधारक करारातील हस्तांतरणाचे निर्बंध नियमावलीत नसतील तर ते कंपनीवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज खटल्यात म्हटले. म्हणून व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीच नवी नियमावली मंजूर करून घेतात. संस्थापकाने कंपनी सोडल्यावर स्पर्धा करू नये, हे कलम करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. त्यापेक्षा संस्थापकाचे भाग टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची अट अधिक उपयोगी पडते.

परदेशी गुंतवणूकदाराला ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. जपानच्या एनटीटी डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये पैसे घातले तेव्हा खरेदीच्या किमान निम्म्या किमतीत बाहेर पडण्याची सोय करारात होती. रिझर्व्ह बँकेने ती रक्कम देण्यास परवानगी नाकारली. लंडनच्या लवादाने सुमारे १.१७ अब्ज डॉलरचा निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रक्कम करारभंगाची नुकसानभरपाई मानून मान्य केली. म्हणजे हमी म्हणून जे देता येत नव्हते ते भरपाई म्हणून देता आले, पण मधे काही वर्षे गेली.

लवादाचे कलम चालवायचे तर मुद्रांक नीट भरलेला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या डिसेंबर २०२३ च्या निकालानुसार मुद्रांक नसलेला करार रद्दबातल नसतो, पण दोष दूर होईपर्यंत पुराव्यात घेता येत नाही. महाराष्ट्रात काही करारांवर रकमेच्या प्रमाणात शुल्क लागत असल्याने सह्या दुसऱ्या राज्यात करण्याची पळवाट शोधली जाते. मात्र तो दस्त महाराष्ट्रात आणल्यावर फरकाचे शुल्क तीन महिन्यांत भरावे लागते.

या कटकटींना कंटाळून अनेकांनी मूळ कंपनी सिंगापूर किंवा अमेरिकेतील डेलावेअरला नेली. भारतीय शेअर बाजारात नोंदणीची वेळ आली तशी उलटी वाट सुरू झाली. २०२२ मध्ये फोनपे सिंगापूरहून परतली. सप्टेंबर २०२४ पासून परदेशी मूळ कंपनी तिच्या संपूर्ण मालकीच्या भारतीय उपकंपनीत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे न जाता जलद मार्गाने विलीन होऊ शकते, पण दोन्ही कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती लागते. कर्मचाऱ्यांचे भागविकल्प (ईसॉप) भारतीय कंपनीने नव्याने द्यायचे असतात. विकल्प हक्काचे होण्याआधीच्या एक वर्षाच्या किमान मुदतीत जुन्या कंपनीतील काळ धरता येतो.