उतारासाठी हँडल निवडताना

डाउनहिलची, म्हणजे डोंगर उतरण्यासाठीची, नवी सायकल हाती आली की आपण तिच्यावर पहिल्यांदा चढतो ते सपाट जमिनीवर. हँडल धरतो, कोपरं जरा वाकलेली वाटतात, पाठ सैल असते. सगळं बरोबर आहे असं ठरवतो आणि थेट डोंगर गाठतो. चूक तिथेच होते, कारण ही सायकल सपाटीसाठी बनवलेलीच नसते.

एक साधा हिशोब करून बघू. पेडलं ज्या आसाभोवती फिरतात, त्या बॉटम ब्रॅकेटपासून हँडलची पकड सपाटीवर ७० सेंटिमीटर वर आणि ५० सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. आता हीच सायकल २० अंशांच्या उतारावर न्या. पकड ७० ऐवजी ४९ सेंटिमीटरच वर उरते आणि ५० ऐवजी ७१ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे पाय होते तिथेच आहेत आणि हात २१ सेंटिमीटर खाली, २१ सेंटिमीटर पुढे ओढले गेलेत. पुढचा ब्रेक दाबला की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के शोषणारा दुपायी भाग, दबतो आणि सायकलचं नाक आणखी खाली जातं.

अशा वेळी शरीर दोनपैकी एक काहीतरी करतं. भीतीने ढुंगण मागे जातं, हात सरळ ताणले जातात आणि पुढचं चाक हलकं होऊन घसरतं. नाहीतर सगळा भार तळव्यांवर येतो, कोपरं अडकतात आणि प्रत्येक दगडाचा धक्का थेट खांद्यात जातो. दोन्हींत जातं ते कोपराचं वाकणं. फोर्क २०० मिलिमीटर दबणारा असला तरी त्याच्या वर आपले हात हे दुसरं सस्पेन्शन असतं, आणि सरळ झालेला हात म्हणजे पूर्ण दबलेला फोर्कच.

हँडल ३ सेंटिमीटर उंच केलं तर काय मिळेल? २१ सेंटिमीटरपुढे ३ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. त्यातही उतारावर ही उंची थोडी पुढेही सरकते. हात खाली-पुढे ४५ अंशांत गेलेला धरला, तर खांदा आणि पकड यांच्यातलं अंतर जेमतेम सव्वा सेंटिमीटरने कमी होतं. पण कोपराची भूमिती विलक्षण आहे. दंड ३० आणि कोपरापासून पकडीपर्यंत ३० सेंटिमीटर धरले, तर पूर्ण सरळ हात फक्त सव्वा सेंटिमीटर जवळ आणायला कोपर सुमारे २३ अंश वाकावं लागतं. तळहात भिंतीला टेकवून हात सरळ करा आणि खांदा किंचित पुढे आणा, म्हणजे लगेच लक्षात येईल. हात सरळ होण्याच्या त्या शेवटच्या टप्प्यात मिलिमीटरला किंमत असते. हँडलची टोकं त्याच्या मध्यापेक्षा जितकी उंच, तो त्याचा राइझ. म्हणूनच २० ऐवजी ५० मिलिमीटर राइझचं हँडल लावल्यावर तीव्र उतारावर सायकलच बदलल्यासारखी वाटते.

रुंदीचं गणित तरफेचं आहे. पुढच्या चाकाला दगड आडवा लागला की हँडल हातातून फिरू पाहतं. ८०० मिलिमीटरच्या हँडलवर तळव्याचा मध्य टोकापासून ५ सेंटिमीटर आत, म्हणजे सायकलच्या मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर असतो. तिथे प्रत्येक हाताला ७ किलोंचा जोर पुरत असेल, तर ७०० च्या हँडलवर ८ किलोंहून थोडा जास्त लागेल. १९९०च्या दशकात माउंटन बाइकवर सर्रास दिसणाऱ्या ५६० च्या आसपासच्या हँडलवर तोच आकडा साडेदहाच्या वर जातो. त्या काळी हँडल अरुंद आणि स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा, लांबलचक असायचा, ही मांडणी रस्त्यावरच्या शर्यतींच्या सायकलींकडून आलेली. त्याआधी, २१ ऑक्टोबर १९७६ला कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ रिपॅक नावाच्या डोंगरवाटेवर पहिली उतार-शर्यत झाली, तेव्हा जुन्या जाडजूड सायकलींवर चांगली रुंद हँडलं होती. म्हणजे उताराला काय लागतं हे त्या मंडळींना अनुभवातून आधीच कळलेलं होतं.

मग जितकं रुंद तितकं चांगलं का? नाही. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. हात बाजूला पसरले की त्यांची पुढची पोच कमी होते. खांद्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आणि हाताची लांबी ६० धरा. दोन तळव्यांमधलं अंतर ६० वरून ७० सेंटिमीटर केलं, तर प्रत्येक हाताची सरळ पोच साधारण १ सेंटिमीटरने घटते. उंचीने आपल्याला किती दिलं होतं? सव्वा. म्हणजे ३ सेंटिमीटर राइझची बहुतेक कमाई १० सेंटिमीटर रुंदी खाऊन टाकते. उंची आणि रुंदी हे वेगवेगळे प्रश्न नाहीतच. खांदा कुठे येतो, हा एकच प्रश्न आहे.

मी दोन वर्षं ८०० चं हँडल जसं आलं तसंच वापरलं. अर्ध्या उतारावरच हात भरून यायचे, बोटं ब्रेकवर नीट मिटायची नाहीत. मी व्यायाम वाढवला, ग्रिप बदलल्या, काही फरक पडला नाही. मग एकदा अरुंद उजव्या वळणावर बाहेरचा हात पूर्ण ताणला गेला आणि डावा खांदा ओढला गेल्याचं जाणवलं. वळताना बाहेरची पकड पुढे जाते, आणि माझ्या कोपरात द्यायला काही शिल्लकच नव्हतं. त्या आठवड्यात ग्रिप आणि ब्रेक लिव्हर दोन्ही बाजूंनी १५ मिलिमीटर आत सरकवले. कापलं काहीच नाही. सोप्या वाटेवर चार फेऱ्या मारल्या आणि ७७० वर हात मोकळे झाले. मगच करवत काढली.

कापण्याआधी सरकवून बघणं हाच शहाणपणा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. एका वेळी प्रत्येक बाजूने ५ मिलिमीटरच कापावं, कडा कानशीने घासाव्यात आणि टोकांना बूच नक्की लावावं, कारण पडताना उघडी नळी अंगात घुसते. कार्बनच्या हँडलला बारीक दातांचं पातं हवं. किती कापायला परवानगी आहे हेही बनवणाऱ्याच्या सूचनेत आधी वाचावं.

उंची वाढवायचे मार्गही सारखे नाहीत. स्टेमखाली स्पेसर, म्हणजे जाड कड्या, घातल्या तर हँडल फोर्कच्या तिरक्या रेषेत वर जातं. हेड अँगल, म्हणजे त्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन, ६३ अंश असेल, तर १० मिलिमीटरचा स्पेसर हँडल ९ मिलिमीटर वर नेतो आणि साडेचार मागे आणतो. जास्त राइझचं हँडल जवळजवळ सरळ वर जातं, पोच तशीच राहते. डबल क्राउन फोर्कच्या, म्हणजे ज्याच्या दोन नळ्या वर-खाली दोन आडव्या पट्ट्यांनी (क्राउन) धरलेल्या असतात त्याच्या, नळ्या क्राउनमधून वरखाली सरकवूनही उंची बदलते, पण मग १० मिलिमीटरला हेड अँगल सुमारे ०.४ अंश बदलतो आणि वळण्याचा स्वभावही बदलतो. हँडलच्या उंचीसाठी तिथे हात लावू नये असं मला वाटतं.

उंचीलाही मर्यादा आहेच. फार उंच केलं तर कमी उताराच्या वळणावर पुढच्या चाकावर वजन येत नाही आणि टायर बाहेर सरकतो. तुमच्या वाटांवर अशी वळणं जास्त आणि कड्यासारखे उतार कमी असतील तर थोडं खालीच बरं.

हे सगळं घरात तपासता येतं. दोन चाकांच्या आसांमध्ये १२५ सेंटिमीटर अंतर असेल, तर मागचं चाक ४३ सेंटिमीटर उंच भक्कम बाकावर ठेवलं की बरोबर २० अंशांचा उतार तयार होतो. पुढचं चाक भिंतीला टेकवा, दोन्ही ब्रेक दाबा, दोघांना दोन्ही बाजूंनी सायकल घट्ट धरायला सांगा आणि पेडलांवर उभे राहा. वजन पायांवर ठेवून, टाचा खाली सोडून, वाटेकडे बघावं तसं समोर बघा. तिसऱ्याने बाजूने फोटो काढावा. फोटोत कोपर वाकलेलं दिसलं नाही, तर आधी ग्रिप आत सरकवून पुन्हा उभे राहा, आणि तरीही हात सरळच असतील तर राइझ वाढवा.