पार्श्वभूमी : गर्भातील हृदयाची झडप आणि पेशींचे संकेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात झडपेचा आजार म्हटले की लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाकडे आधी बोट दाखवले जाते. झडप गर्भातच वेगळी घडली असेल, हे घरच्यांना बहुधा टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या दिसतात तेव्हा कळते.

गर्भाचे हृदय सुरुवातीला नळीसारखे असते; या हृदयनलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशी ठरावीक जागी जेलीसारख्या थरात उतरतात आणि झडपांच्या गाद्या तयार होतात, हे जुनेच निरीक्षण होते. त्यामागचे कारण १९८०च्या दशकात कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांतून उलगडू लागले. कर्णिका व जवनिका (हृदयाचे वरचे व खालचे कप्पे) यांच्यामधल्या अरुंद भागाचा तुकडा कोलॅजन या प्रथिनाच्या जेलवर ठेवला की अस्तरातील पेशी सुट्या होऊन जेलमध्ये शिरत. जवनिकेच्या अस्तराला मात्र त्या अरुंद भागातील स्नायूचा शेजार दिला तरी ते हलत नसे. म्हणजे स्नायूने संकेत पाठवणे पुरेसे नव्हते, तो घेण्याची तयारी अस्तरातही असावी लागत होती. पुढे स्नायूकडून येणारे बीएमपी-२ हे संकेत देणारे प्रथिन आणि अस्तरातील पेशींवरचे नॉच हे संकेत घेणारे प्रथिन यांची नावे या चित्रात भरली गेली, तर झेब्राफिश या छोट्या माशावरील कामाने रक्तप्रवाहाचा रेटाही झडपेच्या घडणीत भाग घेतो हे दाखवले.

खरा वाद २००५नंतरचा आहे. त्या वर्षी महाधमनीच्या झडपेचा दोष असलेल्या काही कुटुंबांत नॉच प्रथिन घडवणाऱ्या नॉच-१ जनुकातील बदल सापडला आणि दोन पाकळ्यांच्या झडपेचे कारणच हाती लागल्यासारखे लिहिले जाऊ लागले, जे माझ्या मते घाईचे होते; कारण अशी झडप शंभरात एक-दोघांना असते आणि त्यांपैकी फार थोड्यांतच हा बदल आढळतो. आपल्याकडे याला आणखी एक फाटा फुटतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेले असेल तर दोषाचे खापर लगेच त्या सोयरिकीवर फुटते. नात्यातील विवाहाने हृदयाच्या काही जन्मजात दोषांची शक्यता वाढते हे खरे, पण नॉच-१च्या त्या कुटुंबांत आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली जनुकाची बदललेली प्रतच पुरेशी ठरली होती, त्यासाठी दोघांचे रक्ताचे नाते असण्याची गरज नव्हती.

म्हणूनच अशा घरात जनुकाच्या महागड्या चाचणीआधी आईवडील, भावंडे आणि मुले यांचा टूडी एको करून घेणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण जनुकात काहीही सापडले नाही तरी झडप दोन पाकळ्यांची असू शकते आणि तिच्याबरोबर महाधमनी फुगत चालली असेल तर तेही त्याच तपासणीत दिसू शकते.