पोर्टेबल सॉ मिलवर डिबार्कर : कशासाठी, कधी, आणि सेटिंग कशी करायची

आमच्याकडं धार लावायला जी बँडसॉ ब्लेडं (पट्ट्यासारखी गोल फिरणारी करवत) येतात त्यातली बरीचशी लाकडानं नाही, मातीनं बोथट झालेली असतात. ग्राहक म्हणतात बाभूळ कडक आहे म्हणून ब्लेड टिकेना. बाभूळ कडक आहेच, चिंच पण कडक आहे, पण स्वच्छ ओंडका असेल तर चांगलं ब्लेड दीड-दोन तास सरळ चालतं, आणि त्याच जातीचा मातीनं भरलेला ओंडका पहिल्या दोन-तीन फळ्यांतच त्याची वाट लावतो. उसाच्या फडात कोयता चुकून जमिनीत बसला की त्याच्या धारेचं जे होतं तेच इथं होतं, फक्त ब्लेडला ते एकदा नाही, प्रत्येक फेऱ्यात शेकडो दातांना होतं. ही माती ब्लेडच्या वाटेतून आधीच काढायचं काम डिबार्कर करतो.

सोलापूर जिल्ह्यात हा त्रास जरा जास्तच आहे. ओंडका बांधावरून ट्रॅक्टरला साखळी लावून ओढत आणायचा ही आपली पद्धत, आणि जमीन काळी. पावसाळ्यात ही माती सालीच्या भेगांत थापून बसते आणि उन्हाळ्यात वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते, बाहेरून झाडलं तरी आतली निघत नाही. त्यात मुरूम असतो, मुरमात गारगोटीचे बारीक खडे असतात. गारगोटीनं चाकूच्या पात्यावर ओरखडा पडतो हे कुणीही करून बघू शकतं, म्हणजे ती ब्लेडच्या पोलादापेक्षा कडक आहे. असा एक कण दाताखाली आला की त्या दाताचा बाहेरचा कोपरा गेला. ब्लेड उजेडात धरून दातांकडं बघा, कोपऱ्यावर बारीक पांढरी चमक दिसली तर धार गेलेली आहे, धारदार कोपरा चमकत नाही.

आणि दोन्ही बाजूंचे दात सारखेच झिजत नाहीत. दात एक वर एक खाली असे सेट केलेले असतात, एका बाजूचे जास्त गेले की ब्लेड दुसऱ्या, धारेच्या बाजूला ओढलं जातं. मग फळी एका टोकाला आठ सूत (म्हणजे एक इंच) आणि मधे दहा सूत निघते, किंवा वर लाटा दिसतात, आणि सुतार ती फळी रंध्यावर घेताना वैतागतो. ब्लेडचं टेन्शन (ताण) वाढवून किंवा इंजिनाचा ॲक्सिलेटर वाढवून हे सुटत नाही, ब्लेड मात्र लवकर तडकतं.

डिबार्कर नेमकं काय करतो

पहिली गोष्ट, ओंडक्याची सगळी साल सोलणारं हे मशीन नाही. सगळी साल काढणारी मोठी मशीनं असतात, ती कागद कारखान्यात आणि मोठ्या मिलला, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. पोर्टेबल मिलवरचा डिबार्कर म्हणजे ब्लेड घेऊन ओंडक्यावरून सरकणाऱ्या हेडवर बसवलेला एक छोटा फिरता कटर, ब्लेडच्या थोडा पुढं आणि ब्लेडच्याच उंचीवर. हेड पुढं सरकतं तसा हा कटर ओंडक्याच्या अंगावर टेकून सालीत एक खाच पाडत जातो, साधारण चार ते सहा सूत रुंद आणि साल असेल तेवढीच खोल. मागून ब्लेड येतं ते त्या खाचेतून थेट स्वच्छ लाकडात शिरतं. ब्लेडचा काप जेमतेम अर्ध्या-पाऊण सुताचा असतो, म्हणून एवढी खाच भरपूर झाली.

आता बरेच जण विचारतात की एकाच बाजूला का, दोन्हीकडं का नाही. तर ब्लेडचे दात एकाच दिशेनं पळतात. ज्या अंगानं ते ओंडक्यात शिरतात त्या अंगाची माती दात स्वतःबरोबर आत ओढतात, आणि ती पूर्ण रुंदीभर कापात घासत जाते. म्हणजे एक कण ओंडका पंधरा इंचाचा असेल तर पंधरा इंच रगडत जातो. दुसऱ्या अंगाला दात बाहेर पडतात, तिथली माती ते भुशाबरोबर बाहेर ढकलतात, आत आणत नाहीत. म्हणून डिबार्कर फक्त शिरायच्या बाजूला. बसवताना आम्ही पहिलं हेच विचारतो की तुमचं ब्लेड कुठून शिरतंय, कारण देशी बनावटीच्या मशीनांत काहींचं डावीकडून असतं काहींचं उजवीकडून, आणि उलट्या बाजूला बसवलेला डिबार्कर ब्लेडच्या काहीच कामाचा नाही.

कुठल्या लाकडाला लागतो

बाभूळ, कडुनिंब, चिंच यांची साल जाड आणि खोल भेगांची, यांना डिबार्कर चालवाच. जी बाभूळ किडा लागू नये म्हणून विहिरीत किंवा तळ्यात बुडवून ठेवलेली असते ती तर बाहेर काढल्यावर गाळानं माखलेली असते, ती आधी पाण्याच्या प्रेशरनं धुवून घ्या आणि वर डिबार्कर पण चालवा, दोन्ही. नदीकाठचं लाकूड, भीमेच्या किंवा सीनेच्या पुरात वाहून अडकलेलं, त्याच्या भेगांत वाळू असते, ते डिबार्करशिवाय मशीनवर घेऊच नका असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुबाभळीची साल पातळ, ती धुवून आणि तारेच्या ब्रशनं घासून भागतं. निलगिरीचा प्रकार वेगळा, तिची साल लांब दोऱ्यासारखी निघते आणि कटरच्या शाफ्टला गुंडाळते, मग बेल्ट घसरतो नायतर मोटर गरम होते. निलगिरी तोडल्या तोडल्या ओली असतानाच हातानं सोलून टाकायची, तेव्हा ती सहज निघते, वाळल्यावर अंगाला चिकटून बसते. पण हे सगळ्या झाडांना लावू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा सोललेला ओंडका उन्हात पडून राहिला की पटापट चिरा जातात. लगेच चिरायचं नसेल तर साल राहू द्या, दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट मारा आणि सावलीत ठेवा. उलट बाजूनं बघितलं तर सालीखाली भुंगा वाढतो, म्हणून सालीसकट महिनोन्‌महिने ठेवणं पण बरोबर नाही, लाकूड आलं की लवकर चिरून मोकळं व्हा.

आणि एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. ज्याचं काम महिन्यातून पाच-दहा ओंडक्यांचं आहे त्यानं डिबार्कर घ्यायची गरज नाही. एक पाण्याची मोटर, एक ब्रश, आणि ब्लेड शिरणार त्या रेषेवर कुऱ्हाडीनं हातभर रुंद साल उडवली की तेच काम होतं, वेळ लागतो एवढंच. ज्यांची मशीन रोज चालते, गावोगाव जाऊन चिरून देतात आणि लाकूड कसं येईल ते आपल्या हातात नसतं, त्यांना मात्र तो पहिल्या हंगामापासून उपयोगी पडतो. खात्री करायची असेल तर वहीत लिहा, एका धारेत किती घनफूट चिरलं, आधी आणि नंतर. आमच्या सांगण्यावर जाऊ नका, तुमच्या वहीवर जा.

चालवताना

कटर ब्लेडच्या पुढं असतो हे डोक्यात ठेवलं की बाकी सगळं आपोआप कळतं. हेड पुढं घेताना कटर आधी ओंडक्याच्या टोकाला पोचतो, तेव्हा तो बाहेर ओढलेला पाहिजे, नायतर ओंडक्याच्या तोंडावर धडकून आर्म (कटर धरून ठेवणारा दांडा) वाकतो. कटर ओंडक्याच्या अंगाशी आला की मग आत सोडायचा, तोवर ब्लेड अजून लाकडाला लागलेलं नसतं, आणि मग एकसारखी चाल द्यायची. शेवटाला पण तसंच, कटर ओंडका संपून बाहेर पडायच्या आत मागं घ्यायचा, पुढचे चार-सहा इंच ब्लेडसाठी खाच आधीच पडलेली असते. मागं न घेता तसाच पुढं गेला तर स्प्रिंगच्या जोरानं आर्म आत येतो, आणि हेड परत आणताना ओंडक्याला अडकतो. हेड परत आणायच्या आधी एक नजर कटरकडं, ही सवयच लावून घ्या.

गाठी आणि फांदीचे खुंट आले की चाल कमी करा, आर्मला वर चढायला वेळ मिळाला पाहिजे. बुंध्याकडची फुगवटी आधी चेनसॉनं किंवा कुऱ्हाडीनं तासून घ्या, डिबार्करचे जास्तीत जास्त आर्म तिथंच मोडतात.

एकदा ओंडका चौकोनी झाला, शिरायच्या बाजूला साल उरली नाही, की डिबार्कर बंद. साफ लाकडावर तो चालवायचा काही उपयोग नाही, फळीची कड खराब होते आणि कटर विनाकारण झिजतो. ओंडका फिरवताना जमलं तर आधीच चिरलेली बाजू ब्लेड शिरतं त्या अंगाला आणा, म्हणजे पुढचे काप डिबार्करशिवाय पण स्वच्छ होतात. प्रत्येक वेळी क्लॅम्प आणि स्टॉपरच्या हिशोबात ते बसेलच असं नाही, पण बसेल तिथं करा.

सेटिंग

मशीन बंद, किल्ली काढून खिशात, मगच हात घाला. खाच ब्लेडच्या रेषेच्या वर आणि खाली सारखी पडली पाहिजे. बघायचं असं की एखाद्या खराब ओंडक्यावर फूटभर चालवा, थांबवा, आणि ब्लेड खाचेच्या बरोबर मधून जातंय का बघा. एका बाजूला सरकलेलं असेल तर ब्लेडची एका अंगाची दातांची रांग मातीतच चालते आणि वर सांगितलं तसं ब्लेड एकीकडं ओढायला लागतं, म्हणजे डिबार्कर लावूनही फळी वाकडी. आमच्याकडं ज्या तक्रारी येतात त्यात ही सगळ्यात जास्त असते आणि ती एका बोल्टच्या वॉशरनं सुटते.

खोली सालीपुरतीच. कटर लाकडात खोल जायला लागला की आवाज बदलतो, भुसा तपकिरीच्या जागी पांढरा-पिवळा दिसतो, मोटरवर लोड येतो. आर्मवरचा टेकण बूट (ओंडक्याला टेकून चालतो तो तुकडा) पुढं-मागं करून हे जमवायचं. स्प्रिंग फार कडक ठेवू नका, आर्म ओंडक्याच्या वळणाबरोबर आत-बाहेर हलला पाहिजे.

12 व्होल्टच्या मोटरवर चालणाऱ्यांनी बॅटरी आणि वायरीकडं लक्ष द्या. पातळ वायर लांबवर ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर हळू फिरते, कटर कापायच्या ऐवजी घासतो आणि सालीतून धूर येतो. धूर आला म्हणजे एकतर फेरे कमी आहेत नायतर कटरचे दात गेलेत. बेल्टवर चालणाऱ्यांचा त्रास वेगळा, त्यांच्या बेल्टमधे सालीचा चुरा शिरतो, रोज संध्याकाळी हवा मारून साफ करा.

कटरमधून जे उडतं त्यात खडे असतात आणि ते जोरात येतात. झोत कुठल्या बाजूला जातो ते पहिल्या दिवशीच बघून ठेवा आणि त्या बाजूला कुणालाही उभं करू नका, शेतावर मशीन लागलं की गावातली पोरं बघायला जमतात, त्यांना आधी लांब करा. डोळ्याला गॉगल पाहिजेच. खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. गुंडाळलेली साल काढायला चालू मशीनमधे हात घालणारे आम्ही बघितलेत म्हणून परत सांगतो, किल्ली खिशात.

खिळे, तारा

डिबार्कर मातीपासून वाचवतो, लोखंडापासून नाही. दारातल्या कडुनिंबात खिळे, कपड्याच्या दोरीचे हूक, पाळण्याच्या कड्या असतात, बांधावरच्या बाभळीत कंपाउंडची काटेरी तार झाडानं पूर्ण गिळलेली असते. मेटल डिटेक्टर फिरवून घ्या. बाभळीसारख्या टॅनिनच्या (तुरट द्रव्याच्या) लाकडात लोखंडाभोवती काळा-निळा डाग पडतो, ओंडक्याच्या टोकावर असा डाग दिसला तर आत काहीतरी आहे असं धरूनच चला. कटरला खिळा लागला तर लगेच थांबा, तो खिळा पुढच्या क्षणी ब्लेडखाली येणार आहे.

झाड तोडायच्या परवानगीचं पण बघून घ्या. साग, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी. मशीनच्या परवान्याचं वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारा, मशीन पोर्टेबल आहे म्हणून चालतं असं धरून बसू नका.

डिबार्कर बसवून घ्यायचा असेल तर येताना मशीनचे चार फोटो घेऊन या : हेड समोरून, हेड दोन्ही बाजूंनी, आणि ब्लेड गाइड जवळून. ब्लेड फिरायची दिशा खडूनं बाण काढून फोटोत दाखवा. बेडवर जास्तीत जास्त किती जाडीचा ओंडका घेता ते लिहून आणा, इंजिनला अल्टरनेटर आहे का ते पण. आणि तुमचं सध्या वापरातलं, बोथट झालेलं एक ब्लेड सोबत आणा, ते बघितलं की तुम्हाला डिबार्कर खरंच लागतो का नुसती धुलाई आणि धार पुरेशी आहे ते आम्ही तिथंच सांगू.