काळी गोटी आणि इम्पॅक्टची गोटी: एका समजुतीची पार्श्वभूमी

ठाण्यात हार्डवेअरच्या दुकानात ‘एकोणीसची काळी द्या’ एवढं म्हटलं की पुरतं. इम्पॅक्ट गनवर, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर, चालणारी 19 मिलिमीटरची गोटी (नटावर बसणारं सॉकेट) समोर येते, निदान मागणारा तसं धरून चालतो. काळी म्हणजे गनची, ही ती समजूत. रंग ही ओळख झाली कशी, ते बघायला थोडं मागे जावं लागतं.

बदलत्या गोट्यांच्या रॅचेट पान्याचं पेटंट अमेरिकेत 1863 सालचं, इम्पॅक्ट गन 1930च्या दशकातली. मधली सगळी वर्षं हाताच्या पान्याची. हाताने जोर हळूहळू चढतो, म्हणून गोटी कडक, भिंत पातळ आणि वर क्रोमचा मुलामा, म्हणजे गंज धरत नाही आणि ग्रीस पुसलं की निघतं. गनची गोष्ट वेगळी. आत मोटर फिरते, हातोडा ऐरणीवर आपटतो, मिनिटाला दोन-तीन हजार ठोके सहज. संथ जोर हसत झेलणारा कडक धातू ठोक्याला तडकतो. म्हणून गनची गोटी जाड भिंतीची आणि जरा मऊ ठेवतात, ठोका तिने पचवावा म्हणून.

आता काळ्या रंगाकडे. क्रोमचा थर ठोक्यांनी सुटतो आणि त्याचे पापुद्रे ब्लेडसारखे बोटांत घुसतात. म्हणून गनच्या गोटीला क्रोम न देता फॉस्फेट किंवा ब्लॅक ऑक्साइडचा थर देऊन वर तेल लावलं जाऊ लागलं. म्हणजे काळेपणा हा परिणाम, गुण नव्हे. पण गिऱ्हाइकाला दिसतो तो रंगच. हीच काळी प्रक्रिया स्वस्त असल्याने पातळ भिंतीच्या, हातासाठीच्या गोट्याही काळ्या होऊन विकल्या जातात आणि त्याच खोक्यात पडून असतात. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. दुकानदार फसवतो असं नाही, त्यालाही रंगच शिकवलेला असतो.

यावर दुसरी बाजू असते ठशाची, म्हणजे गोटीवर मारलेल्या धातूच्या खुणेची. ‘सीआर-व्ही’ (क्रोम-व्हॅनेडियम) म्हणजे हाताची, ‘सीआर-एमओ’ (क्रोम-मॉलिब्डेनम) म्हणजे गनची, असं बरेच मिस्त्री छातीठोक सांगतात. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पण क्रोम-व्हॅनेडियमच्याही गनच्या गोट्या बनतात. मिश्रधातू कोणता याहून तो तापवून थंड कसा केला आणि भिंत किती ठेवली, यावर जास्त ठरतं. ठसा मारायला मात्र फारसा खर्च येत नाही.

खरी खूण गोटीच्या मागच्या बाजूला असते. चौकोनी खाचेच्या भिंतीतून आरपार भोक आणि बाहेरून गोल खोबण. भोकात पिन, खोबणीत रबरी रिंग. गोटी गनवरून उडू नये म्हणून. 1989मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, ट्रेलर वाढले, आणि कळंबोली-तुर्भे पट्ट्यातल्या टायरवाल्यांकडे एक इंची गन आली, म्हणजे गोटीच्या खाचेत शिरणारा तिचा चौकोन एक इंचाचा. 32-33 मिलिमीटरच्या त्या गोट्यांना रंगाची चर्चा लागत नाही, पिन-रिंग समोर दिसते. भानगड अर्ध्या इंचाची. तिथे हाताचा पाना आणि गन यांचा चौकोन एकच, म्हणून कोणतीही गोटी कशावरही बसते.

मापाचा गुंता वेगळाच. 1956च्या कायद्यानंतर देश मेट्रिक झाला, नट मिलिमीटरमध्ये आले. चौकोन मात्र इंचातच राहिला. आंतरराष्ट्रीय मानकात तो 12.5 मिलिमीटर लिहितात, काउंटरवर ‘अर्धा इंची’ मागतात आणि जुने मिस्त्री ‘चार सूत’ म्हणतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिन्ही एकच.

वागळे इस्टेटमध्ये एका गाडीचे नट काढताना मी स्वतः घाईत क्रोमची 19 गनवर लावली होती. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या चाकावर गोटी नटावर डुलू लागली. काढून पाहिलं तर कोपऱ्यातून तोंडापर्यंत केसाएवढी रेघ. गोटी फाकली होती आणि जाता जाता नटाचे दोन कोपरे गोल करून गेली. गोटीची किंमत किरकोळ; तो नट काढायला मात्र अर्धी दुपार गेली.

मग अलॉय व्हील आली. नट खोल भोकात, जाड गोटी आत शिरत नाही आणि शिरली तर व्हीलवर ओरखडा. त्यासाठी लांब, पातळ भिंतीच्या गोट्या निघाल्या, वरून प्लास्टिकचं आवरण: बहुधा 17ला निळं, 19ला पिवळं, 21ला लाल. भिंत पातळ केली की ठोका झेलायची ताकद कमी होते, म्हणून त्या चाकाच्या नटांपुरत्याच वापरायच्या. गंजलेल्या सस्पेन्शनच्या बोल्टवर नाही. घोडबंदर रोडच्या गॅरेजांत आता बॅटरीची गन घरोघरी झाली आहे, आणि काउंटरवरची मागणीही बदलते आहे: ‘एकोणीसची पिवळी द्या.’